भजनी मंडळाचे बूट

मालनताई कोठुळ्यांच्या सोफ्याला त्यांच्या बसण्याचा खड्डा पडला होता, आणि त्या खड्ड्याचा त्यांना अभिमान होता. एकसष्ट वर्षांच्या बाईनं असल्या गोष्टीचा अभिमान बाळगावा, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण त्या खड्ड्यात बसून, समोर दोन फोन आणि एक टॅब मांडून मालनताई जे करायच्या, ते अख्ख्या पाथर्डी फाट्यावर दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. ‘रानहाट’, ‘पाऊलवाट’ आणि ‘खेळघर’ ही तिन्ही ॲपं त्या एका वेळी उघडायच्या. एकीकडे डोंगरातला बूट टोपलीत टाकून तसाच ठेवायचा, दुसरीकडे त्याच बुटाची चौकशी करून माघारी फिरायचं, तिसरीकडे चार दिवस ढुंकूनही बघायचं नाही. मग ॲपं कासावीस व्हायची आणि भाव उतरवायची. पोस्टाच्या काउंटरवर तेहेतीस वर्षं काढलेल्या बाईला, थांबायचं कसं हे कुणी शिकवावं लागत नाही.

हा उद्योग सुरू झाला तो सुनेमुळे. आश्लेषा कॉलेजच्या मुलींना घेऊन डोंगर चढायची, तोच तिचा धंदा आणि तेच तिचं वेड. मुलगा हर्षद जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात या दोघीच. पहिलं वर्षभर दोघींचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘दार लावून घ्या’ यापुढे सरकलं नव्हतं. भांडण नव्हतं, पण ओलावाही नव्हता. मग एकदा आश्लेषा डोक्याला लावायची बॅटरी शोधत होती आणि मालनताईंनी सहज ती अर्ध्या किमतीत मिळवून दिली. आश्लेषा त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसली. “आई, हे तुम्ही कसं केलंत ते मला दाखवा,” म्हणाली. दोघींनी रात्रीच्या भाजीचं भान न ठेवता तास-दीड तास ॲपं उलटीपालटी केली. मालनताईंना त्या दिवशी काय वाटलं हे विचाराल, तर त्यांना लेक झाल्यासारखं वाटलं, सरळ सांगायचं तर.

तेव्हापासून दोऱ्या सोडून सगळी खरेदी मालनताईंकडे आली. दोऱ्या, कड्या, हेल्मेटं आश्लेषा स्वतः दुकानात जाऊन, हात लावून घ्यायची. जीव ज्याच्यावर टांगायचा त्याला सरकारी शिक्का लागतो, असं ती म्हणायची. बाकी जाकिटं, सॅक, मोजे, बूट हे खातं सासूचं.

आणि याच खात्यात मालनताईंना एक गंमत सापडली. एकच बूट, एकच रंग, एकच कंपनी. आश्लेषाच्या फोनवर नऊ हजार चारशे, मालनताईंच्या फोनवर सहा हजार. आधी त्यांना वाटलं, ज्येष्ठ नागरिकांची सवलत असेल. मग त्यांनी नीट लक्ष ठेवलं. ज्या आठवड्यात त्या सकाळी पांडवलेणीला फिरायला जायच्या, त्या आठवड्यात भाव चढायचा. सर्दी होऊन घरात बसल्या की उतरायचा. हातातलं घड्याळ ‘पाऊलवाट’वाल्यांनीच फुकट दिलेलं, ते पावलं मोजायचं आणि मालकाला कळवायचं. मालनताईंना वाटलं, चोराची चावी आपल्या हाती लागली.

त्यांनी फिरणं सोडलं. मैत्रिणी खालून हाका मारायच्या, त्या गॅलरीतून ‘गुडघा’ म्हणून खुणावायच्या. आश्लेषानं विचारलं, तिलाही गुडघाच सांगितला. गुडघ्याला काहीएक झालं नव्हतं. दोन महिन्यांत भाव तीन हजार शंभरावर आला. फेब्रुवारीत आश्लेषाला सहा मुली आणि ती स्वतः, असे सात जोड हवे होते. ‘पाऊलवाट’नं विचारलं, ‘ही गटखरेदी कशासाठी?’ मालनताईंनी क्षणभर विचार केला, गालात हसल्या, आणि लिहिलं: ‘भजनी मंडळासाठी’. भाव आणखी चारशेनं पडला.

एप्रिलातल्या रविवारी अकरा वाजता मालनताई खड्ड्यात बसून मटार सोलत होत्या. आश्लेषा आणि सहाजणी शनिवारीच करवंदगडावर गेल्या होत्या. रात्री माचीवरच्या गुहेत मुक्काम, रविवारी सकाळी बालेकिल्ला, दुपारी उतरणं. टॅबवर टिंग वाजलं.

‘आपल्या गटाच्या बुटांचे आयुष्य संपत आले आहे. सात जोड. तळवे सुटल्यावर परतीची पिशवी कोठे पाठवू?’

मालनताईंनी चष्मा लावला आणि पुन्हा वाचलं. खाली नकाशा होता. नकाशावर करवंदगड आणि त्यावर सात हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपक्याशेजारी एक आकडा: उरलेली पावले. सहाशे वीस. पाचशे ऐंशी. सर्वांत कमी आठ नंबरच्या बुटाला, चारशे दहा. आठ नंबर आश्लेषाचा.

त्यांनी आश्लेषाला फोन लावला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर.’ करवंदगडाच्या पायथ्याची वाडी सोडली की रेंज जायची, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी चार वेळा लावला. मग ‘पाऊलवाट’च्या मदतीचा नंबर फिरवला. यंत्रानं नाव विचारलं, गाव विचारलं, आपला दिवस आनंदाचा जावो म्हणालं. मालनताई तीन वेळा ‘माणूस द्या’ म्हणाल्या तेव्हा माणूस आला.

“नमस्कार, मी नागपूरहून फिरदौस बोलते. काय मदत करू?”

“अगं पोरी, तळवे सुटणार म्हणजे काय? बूट दोन महिन्यांपूर्वी घेतलेत.”

फिरदौसनं खातं उघडलं. तिच्या बोटांचा आवाज ऐकू येत होता. “काकू, हे नव्या नियमातले बूट आहेत. कचरा होऊ नये म्हणून कंपनीला प्रत्येक बूट परत घेऊन सुटा करावा लागतो. म्हणून तळवा शिवत नाहीत, डिंकानं लावतात. त्या डिंकाला उष्णता दिली की तो सुटतो. तळव्यात एक तार असते, नाण्याएवढा सेल असतो आणि मोजणारी चकती. ठरलेली पावलं संपली की तार तापते, डिंक सुटतो, रबर वेगळं, कापड वेगळं.”

“ठरलेली म्हणजे? कुणी ठरवली?”

“तुमच्या चालण्यावरून, काकू. बूट ऑर्डर आल्यावरच बनतो. गिऱ्हाईक दोन वर्षांत किती चालेल याचा अंदाज यंत्र काढतं. जास्त चालणाऱ्याला आकडा मोठा, भावही मोठा. तुमचा अंदाज…” ती थबकली. “तुमचा फार कमी आहे. छत्तीस हजार. आणि गटाचा आकडा गटप्रमुखावरूनच धरतात. तुम्ही भजनी मंडळ लिहिलं, म्हणजे सगळ्या तुमच्यासारख्याच.”

मालनताईंच्या मांडीवरची मटारची परात खाली गेली. त्यांनी हिशोब केला नाही, करायची गरजच नव्हती. दर रविवारी आश्लेषा मुलींना सरावाला डोंगरात न्यायची. मैत्रिणींना खोटं सांगून त्यांनी जो भाव पाडला होता, तो भाव नव्हताच. ते बुटाचं आयुष्य होतं.

“त्या भजन करत नाहीयेत,” मालनताई म्हणाल्या. “त्या करवंदगडावर आहेत. सात मुली. उतरताना कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, एकशे सतरा. अर्ध्या तुटलेल्या. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला काही नाही.”

मग फिरदौसचा आवाज आला, या वेळी कागदावरून वाचल्यासारखा नव्हता. “चालत असताना तळवा सुटत नाही, काकू. तेवढी काळजी घेतलीय. आकडा शून्य झाला तरी बूट वाट पाहतो. माणूस पंधरा मिनिटं स्थिर बसला की मगच तार तापते. आणि सुटला तरी लगेच गळून पडत नाही, चिकटून असल्यासारखा दिसतो. जोर पडला की निघतो.”

आश्लेषाची पद्धत त्यांना पाठ होती. उतरायच्या आधी वर बालेकिल्ल्यावर बारा वाजता डबे सोडायचे, अर्धा तास सगळ्यांनी बसायचं, पाय मोकळे करायचे. मग पायऱ्या. म्हणजे बारा वाजता त्या बसणार, सव्वाबाराला तळवे सुटणार, आणि कुणाला काही दिसणार नाही.

“बंद कर. तुझ्याकडे बटण असेल.”

“माझ्याकडे नाही, काकू. वर अर्ज पाठवलाय, तातडीचा म्हणून. उत्तराला चोवीस तास लागतात.”

“पैसे भरते. जास्तीचा भाव भरते. आत्ता.”

“आयुष्य विकत वाढवता येत नाही. नियमच तसा आहे, नाहीतर लोक पैसे भरून कचरा करतील.”

“मग मुलींना निरोप दे. बुटाला सांगता येतं, तर मुलीला का नाही?”

“बूट थेट उपग्रहाशी बोलतो. फक्त आकडा जातो आणि आकडा येतो. तुमच्या सुनेच्या फोनला ते कळत नाही.”

बुटाला रेंज होती, माणसाला नव्हती. मालनताईंनी पायथ्याच्या वाडीतल्या सोमनाथ भांगरेला फोन लावला, आश्लेषाचा गट त्याच्याकडेच जेवायचा. त्यानं ऐकून घेतलं आणि उगाच प्रश्न विचारले नाहीत. “निघतो मावशी. पण बालेकिल्ल्याला पोचायला मला दोन तास. पळालो तरी पावणेदोन.” तोवर एक वाजून गेला असता.

फिरदौसनं फोन ठेवला नव्हता. ती हळू आवाजात म्हणाली, “एक गोष्ट आहे. सांगायची की नाही कळत नाही. अंदाज दर दहा मिनिटांनी नव्यानं काढला जातो. गिऱ्हाईकाची तब्येत सुधारली, तो चालायला लागला, तर आकडा आपोआप वाढतो. बुटात डिंक राखीव असतो, फक्त चकतीला नवा आकडा जातो. पण पुरावा लागतो. सलग चाल. चढाची चाल असेल तर जास्त मोजतात.”

“म्हणजे मी चालले तर?”

“तुम्हीच चालायला पाहिजे. घड्याळ दुसऱ्याला दिलं तर कळतं. प्रत्येकाची चाल सहीसारखी असते, यंत्राला ती पाठ असते.” तिनं खातं पुन्हा बघितलं. “काकू, तुमच्या खात्यात यंत्रानं अंदाजानं लिहिलंय, गुडघे निकामी. चालवेल का तुम्हाला?”

मालनताई उठल्या. उठता उठता डाव्या गुडघ्यात काहीतरी कट्‌ वाजलं आणि त्यांना सोफ्याचा हात धरावा लागला. चार महिने त्या या खोलीतून त्या खोलीत, एवढंच चालल्या होत्या. मांड्या मऊ पडल्या होत्या, वजन सात किलोनं वाढलं होतं. हे सगळं त्यांनी आजवर गमतीत घेतलं होतं.

“चालवेल,” त्या म्हणाल्या.

रिक्षावाल्यानं त्यांना पांडवलेणीच्या पायथ्याशी सोडलं तेव्हा अकरा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. उन्हानं दगड पांढरे दिसत होते. सकाळी गजबजलेल्या पायऱ्यांवर आता दोन-चार जोडपी आणि एक काकडीवाली, बस्स. मालनताईंनी साडीचा पदर कमरेला खोचला, फोन कानाला लावला आणि चढायला सुरुवात केली.

पहिल्या पन्नास पायऱ्या रागानं चढल्या. राग स्वतःवर. अगं बाई, काय मिळवलंस तू, असं त्या मनात म्हणत होत्या. सात जोडांवर वाचवलेले पैसे त्यांनी आश्लेषाला बोटांवर मोजून दाखवले होते आणि आश्लेषानं त्यांचे दोन्ही हात धरले होते. त्या हातांसाठी केलं होतं सगळं. पैशासाठी नव्हतंच. पन्नासाव्या पायरीनंतर राग संपला आणि दम लागला.

“काकू, थांबू नका. दोन मिनिटं थांबलात तर सलग धरत नाही.”

“ठिपके कुठे आहेत?”

“वरच आहेत. चालून राहिल्या आहेत. आठ नंबरचे नव्वद उरलेत.”

आश्लेषा पुढे जाऊन वाट बघायची, मागे येऊन मुलींना बघायची. प्रत्येक ट्रेकला ती दुप्पट चालायची. मालनताईंना तिचा हा स्वभाव ठाऊक होता, कधी कधी आवडायचाही नाही. आज त्या मनात म्हणत राहिल्या, अगं बस की एका जागी. मग आठवलं की बसली तर संपलं. त्यांना काय मागावं हेच कळेना.

शंभराव्या पायरीला डाव्या गुडघ्यात कुणी तापलेली सुई घालावी तशी कळ आली. त्यांनी कठडा धरला. काकडीवाली ओरडली, “मावशे, बस जरा, तोंड बघ किती लाल झालंय.” मालनताईंनी मान हलवली आणि पाय उचलला. उजवा आधी, मग डावा त्याच्या शेजारी, लहान पोर जिना चढतं तसं. अशा चालीला यंत्र चाल म्हणेल का, ही एक नवीन भीती.

“मोजतंय,” फिरदौस म्हणाली. “हळू मोजतंय, पण मोजतंय.”

अकरा एकोणपन्नास. “काकू, आठ नंबर शून्य झाला.” फिरदौसचा आवाज बारीक झाला. “आणि ठिपके थांबले. सगळे.”

डबे सुटले होते. आश्लेषा दहा मिनिटं लवकर बसली होती. मालनताई लेण्यांच्या ओट्यापाशी पोचल्या, तिथल्या सावलीकडे बघितलंही नाही, वळून खाली उतरायला लागल्या. उतरताना गुडघा चढण्यापेक्षा वाईट दुखतो, हे त्या विसरल्या होत्या. दर पायरीला त्या मोठ्यानं ‘राम’ म्हणत होत्या. एक जोडपं बाजूला सरकलं.

“पहिला अंदाज आला,” फिरदौस म्हणाली. “सहा जोडांना सहाशे सहाशे वाढले. गड उतरायला पुरणार नाहीत, अजून चाला. आठ नंबरला पण आकडा गेला. पंधरा मिनिटं व्हायची आहेत अजून. तो घ्यायला पाहिजे.”

“पाहिजे म्हणजे?”

“बुटानं उपग्रहाला पोच द्यावी लागते. सहांची पोच आली. आठची आली नाही. कदाचित पाय सॅकखाली असेल, दगडाआड असेल. दर चार मिनिटांनी पुन्हा जातो निरोप.”

मालनताई खाली पोचल्या आणि परत फिरल्या. दुसरी फेरी. बारा वाजले. बारा वाजून चार मिनिटं झाली. फिरदौसनं मध्येच सांगितलं की साहेबांनी हा फोन बंद करायला सांगितलाय, आठ मिनिटांच्या वर एका गिऱ्हाइकाला द्यायची नाहीत. आणि अर्ध्या मिनिटात तिनं दुसऱ्या नंबरवरून, स्वतःच्या, फोन लावला. “साहेबांना सांगू नका,” एवढंच म्हणाली. बारा वाजून सहा मिनिटांनी ती काहीच बोलेना.

“बोल, पोरी.”

“सुटला, काकू. पोच यायच्या आत. आठ नंबरचे दोन्ही तळवे सुटले असं दाखवतंय.”

“परत चिकटव. वाढव आकडा.”

“एकदा सुटलेला डिंक परत धरत नाही.”

मालनताईंचे पाय जागच्या जागी थांबले. डोळ्यांपुढं करवंदगडाची ती भिंत आली, आश्लेषानं फोटोत दाखवलेली. तिच्या कौतुकानं तेव्हा त्यांनी ‘बाई गं’ म्हटलं होतं.

“काकू, चाला. बाकीच्या सहा जणींचा आकडा अजून कमी आहे. तुम्ही थांबलात तर अंदाज खाली येईल. वाटेत त्या बसल्या तर त्यांचेही सुटतील.”

आता असं होतं बघा. ज्या पोरीसाठी त्या धावत आल्या होत्या, तिच्यासाठी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि ज्या सहा मुलींची त्यांना धड नावंही ठाऊक नव्हती, त्यांच्यासाठी चालायचं उरलं होतं. मालनताई रडत होत्या आणि पायऱ्या चढत होत्या. रडणं लपवायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता, एकात फोन, दुसऱ्यात कठडा.

साडेबाराला ठिपके हलले. फिरदौस नकाशा बघून सांगत होती. आठ नंबर सगळ्यांत पुढे. पायऱ्यांच्या तोंडाशी. पायऱ्यांवर. आठ नंबर जरा खाली आणि मग थांबलेला. बाकीचे सहा त्याच्या वर थांबलेले.

“किती वेळ झाला?”

“तीन मिनिटं.”

“आता?”

“पाच.”

“तो ठिपका कुठे आहे? पायरीवर आहे की खाली?”

“नकाशा तेवढं दाखवत नाही, काकू. दहा-पंधरा मीटर इकडे तिकडे असतं.”

मालनताई चढत राहिल्या. तिसरी फेरी. गुडघ्याला सूज येऊन साडीतून दिसायला लागली होती. त्या आता काही म्हणत नव्हत्या, रामही नाही. फक्त ऐकत होत्या. सात मिनिटं. नऊ. सहा ठिपके जागेवर. पंधरा मिनिटांपर्यंत ते असेच राहिले, आणि आकडा कमी पडला, तर त्या सहा जणींचंही तेच होणार होतं.

“आकडे किती?”

“सातशे, आठशे. पायऱ्यांना पुरेल. बसल्या तरी सुटणार नाही, शून्य व्हायला वेळ आहे. तुम्ही चाला फक्त.” अकराव्या मिनिटाला ती म्हणाली, “हलला. आठ नंबर हलला. खूप हळू हलतोय. पण खाली चाललाय, पायऱ्यांच्या रेषेत.”

त्यानंतरचा अर्धा तास मालनताईंना पुढे कधी नीट आठवला नाही. काकडीवालीनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं ते आठवतं, चालता चालता. फिरदौसनं एकेक आकडा सांगितला ते आठवतं. चौथ्या फेरीला त्या मधल्या टप्प्यापर्यंतच पोचल्या आणि तिथं, सपाट जागी, कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिल्या.

सव्वा वाजता फोनमध्ये दुसरा फोन आला. सोमनाथ भांगरेचा नंबर.

“आई?” आश्लेषा होती. “सोमनाथदादा वाटेत भेटले, त्यांना उंचावर रेंज मिळाली थोडी. काय झालंय? ते म्हणतात बुटाचं काहीतरी.”

“तू कुठे आहेस? लागलंय का तुला?”

“पायऱ्या उतरून झाल्या. हात सोलवटलाय, कोपरापासून. बाकी ठीक. माझा तळवा निघाला, आई, विसाव्या पायरीवर. डावा अख्खा, सालीसारखा. मी घसरले, दोर लावलेला होता म्हणून लटकले. मग दुसरा पण मीच ओढून बघितला, तोही आला. तळवे सॅकमध्ये टाकून मोज्यांवर उतरले.” ती हसायचा प्रयत्न करत होती, जमत नव्हतं. “मुलींचे ठीक आहेत. सगळ्यांचे ओढून बघितले. माझाच कसा काय खराब निघाला.”

मालनताई येरझारा घालत होत्या. खोटं बोलायला जागा होती. कंपनी बदमाश, म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं तसं.

“खराब नव्हता,” त्या म्हणाल्या. “माझ्या मापानं बनवलेला होता. सगळेच. मी भजनी मंडळ म्हणून लिहिलं, स्वस्त पडावेत म्हणून. मी जेवढी चालते तेवढंच त्या बुटांचं आयुष्य धरलं होतं त्यांनी. मला हे कळलं आज अकराला. मुलींना बूट काढायला सांग. सगळ्यांना, आत्ता.”

आश्लेषा लांबून कुणाला तरी काही म्हणाली. परत फोनवर आली.

“काढलेत. सोमनाथदादांची माणसं चपला घेऊन येतायत.” तिचा आवाज सपाट झाला होता. “तुम्ही धापा का टाकताय?”

“चालतेय. मी चालले तरच त्यांचे टिकणार होते. दीड तास झाला. पांडवलेणीला आहे.”

“आई, जानेवारीपासून मी तुम्हाला तीन वेळा विचारलं, फिरायला का जात नाही. डॉक्टरकडे नेते म्हणाले. तुम्ही गुडघा म्हणालात.”

“हो.”

“ते खोटं होतं?”

“तेव्हा खोटं होतं,” मालनताई म्हणाल्या. “आता खरं आहे.”

आश्लेषानं श्वास आत ओढलेला मालनताईंना ऐकू आला आणि तो बाहेर सोडायला तिला वेळ लागला.

“मुली अनवाणी आहेत आता. बूट कुणाच्याही पायात नाहीत,” ती शेवटी म्हणाली. “बसा तुम्ही. ऐकलंत ना? बसा आता. मी येते न्यायला.”

मालनताई कठड्याला टेकल्या आणि खाली बसायला गेल्या. गुडघा वाकेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग सोडून दिला. आश्लेषाला पोचायला पाच तास लागले, आणि ती आली तेव्हा मालनताई त्याच टप्प्यावर, काकडीवालीच्या खांद्याला धरून उभ्या होत्या.